दोरीवरचा परकर

नाहूरला आमच्या मजल्यावरच्या एक बाई दारात उभ्या राहून बोलायच्या माझ्याशी, पण डोळे घरभर फिरायचे. गर्भाशयाच्या कॅन्सरवर संशोधन व्हावं, बायकांना माहिती मिळावी, असा कायदा सरकारनं करावा म्हणून त्या सह्या गोळा करत. पाळी थांबल्यावर पुन्हा रक्त गेलं तर लपवू नका, हेही दारोदार सांगत.

"आणा, बायकोचीही सही मीच ठोकतो," मी शहाणपणा केला.

"वहिनींची पाळी थांबली ना, भाऊ?" हवापाण्याचं विचारावं तसं त्यांनी विचारलं.

"कधीच. आता घरात शांतता," मी दात काढले.

बाई गॅलरीतल्या दोरीकडे बघत राहिल्या. "मग परकराखाली पाळीची फडकी कुणाची वाळतायत?"

घरात आम्ही दोघंच. आत बायकोचा भांडी घासण्याचा आवाज थांबला.