चेनकव्हरवरचं नाव

थंडीत सकाळी नदीपर्यंत फेरी मारावी म्हणून माळ्यावरची जुनी सायकल खाली काढली. टायर, ब्रेक नवे झाले. राहिलं चेनकव्हर. त्यावरचं माझं नाव पॉलिश पेपरनं घासताना खालून हिरवी अक्षरं वर आली : ‘सुमन’. हात तिथंच थांबला.

सायकल माझ्या धाकट्या बहिणीची होती. हायस्कूल लांब म्हणून वडिलांनी, अण्णांनी, तिला घेऊन दिलेली. उतारावर हात सोडून चालवताना मी हँडल वाकवलं आणि घरी सांगितलं, सुमी पडली. ती रडून नाही म्हणत राहिली. “नकोच मग पोरीला सायकल,” वडील म्हणाले. सुमी पायी जाऊ लागली आणि मी माझं नाव रंगवून घेतलं.

किती पातळ असतो रंगाचा थर! इतकी वर्षं मला तो भिंतीएवढा वाटत होता.

रविवारी सगळे जेवायला जमले होते, तेव्हा त्यांच्यादेखत खरं ते सांगितलं. सुमन भात कालवत म्हणाली, “दादा, आता वर गेलास की आधी हे अण्णांना सांग.” सगळे हसले. तिचे डोळे मात्र भरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाल कमरेला गुंडाळून ती सायकलवर बसली. मी मागून कॅरिअर घट्ट धरलं.

“सोड रे. पडले तर या वेळी खरीखुरी पडेन.”

मी हात सोडले.