सावलीबरोबर फिरणारी दोरी

आपल्या कुत्र्याला, भुऱ्याला, घराबाहेर काढण्याआधी बाय वाकायची आणि उलटा हात जमिनीला टेकून ठेवायची. पाच श्वास होईपर्यंत हात टेकता आला तर भुऱ्या बाहेर. त्याआधी चटका बसला तर भुऱ्या घरात. पाय टेकून का बघत नाही, असं मी एकदा विचारलं. मिठागरात चाळीस वर्षं अनवाणी चाललेली बाई ती. म्हणाली, "माजे पाय मेलेले, मास्तर. हाताला खरा कलता."

तिला सगळा पाडा बाय म्हणायचा, म्हणून मीही म्हणायचो. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. जूचंद्रच्या अलीकडे खाडीच्या कडेला एक पाडा होता, आगरी लोकांचा. तिथे मी दिवाळीनंतर मास्तर म्हणून गेलो आणि बायच्या शेजारची खोली मला मिळाली. माझ्या आधीचे दोन मास्तर मच्छरांना आणि खाऱ्या वाऱ्याला कंटाळून पळाले होते. मी टिकतो की नाही याकडे अख्ख्या पाड्याचे डोळे लागलेले.

आता तुम्हीच सांगा, त्या काळी खेड्यात कुत्रा पाळायचा म्हणजे काय करायचं? उरलासुरला भात टाकायचा, संपलं. बायचं तसं नव्हतं. भुऱ्याच्या गळ्यात सुंभाची दोरी, दोरीचं टोक हिच्या हातात. त्याने कुणाच्या अंगणात घाण केली की ही राख आणि करवंटी घेऊन हजर. उन्हं चढायच्या आत त्याला मिठागराच्या बांधावरून फिरवून आणायची. बायका हसायच्या. "लेकाला पन येवढी जपली नसतीस," म्हणायच्या. लेक तिला नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाय करवंटी धुवायची.

त्या चैत्रात शेजारच्या गावात एक कुत्रा पिसाळला. तो एका म्हशीला आणि एका माणसाला चावला. माणसाला मुंबईला नेलं आणि पोटात चौदा इंजेक्शनं टोचली म्हणे. बस, आमच्या पाड्यात दारादाराशी काठ्या आल्या. पाटलांनी बैठक घेतली. ज्याच्या हातून कुत्रा सुटेल त्याने कुत्र्यासकट गावाबाहेर व्हायचं, पाऊस पडेस्तोवर पाय ठेवायचा नाही, असं ठरलं. आणि हे कागदावर लिहिलं कुणी? मीच, वळणदार अक्षरात. मोठा शहाणा ना मी!

पुढच्याच आठवड्यात बायच्या भाचीची हळद होती, पलीकडच्या पाड्यावर. बायचं घर कौलारू आणि बुटकं. दुपारी आत भाकरी भाजावी अशी धग. म्हणून तिने भुऱ्याला समोरच्या चिंचेखाली बांधलं, पाण्याचं मातीचं भांडं जवळ ठेवलं आणि माझ्या दारात आली. शाळा सकाळची, दुपारी मी मोकळाच. "सावली फिरंल तशी दोरी फिरवा, मास्तर. जास्त काय नाय," म्हणाली.

मी हो म्हटलं. एकदा दोरी फिरवलीही. मग पुस्तक घेऊन जरा आडवा झालो, आणि डोळा लागला.

जाग आली ती आरड्याओरड्याने. चिंचेखाली भांडं उपडं पडलेलं, सावली केव्हाच पलीकडे सरकलेली, दोरीचं तुटकं टोक खोडाला. गल्लीत धावलो तर गोठ्याच्या भिंतीशी भुऱ्याला कोपऱ्यात गाठलेलं. जीभ हातभर बाहेर, तोंडाला फेस, पाय लटपटताहेत, नजर कुठेच ठरत नाही. सात-आठ काठ्या त्याच्याभोवती. "पिसाळला," एकजण म्हणाला, आणि बायका पोरांना आत ओढू लागल्या.

मी ओरडलो, थांबा, पाणी दाखवून बघू. पिसाळलेला कुत्रा पाण्याला भितो, हे पुस्तकात वाचलेलं. कुणाच्या तरी ओट्यावरचा तांब्या उचलला, बांधालगतच्या विहिरीवर धावलो, भरून आणला आणि लांबूनच भुऱ्यापुढे सरकवला. त्याने नाक लावलं आणि तोंड फिरवलं. पुन्हा सरकवला, त्याने पुन्हा फिरवलं.

"भितोय पाण्याला," मी म्हणालो. वर्गात उत्तर सांगतात त्या आवाजात. मास्तर म्हणाला म्हणजे झालंच की! पाटलांच्या पुतण्याने काठी उचलली.

तेवढ्यात बाय आली. गालांना हळद तशीच. काठी आणि कुत्रा यांच्यामध्ये जाऊन ती सरळ मातीत बसली. पाटील म्हणाले, बाजूला हो, तुलाही चावेल. तिने ऐकलंच नाही. भुऱ्याला पाहिलं, तांब्या पाहिला, आणि तोंडाला लावला. एक घोट घेऊन थुंकली.

"मास्तर, कंच्या बावीचा पानी आनलाव?"

मी बांधाकडे बोट दाखवलं.

"खारा हाय," ती म्हणाली.

होळी झाली की त्या विहिरीत खाडीचं पाणी उतरतं. मग तिथे कुणी हंडा घेऊन जात नाही, डोंगराकडच्या विहिरीवर जातात. पाड्यातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत. मी ते पाणी थंडीत प्यालेला, नंतर माझा हंडा बायच भरून आणायची, मला गोडच वाटणार!

पाटील म्हणाले, गोड पाणी आणा. प्याला तर ठीक, नाहीतर इथेच संपवायचा. एक बाई डोंगराकडे धावली. तिला यायला किती वेळ लागला, मला सांगता येणार नाही. काठ्या खाली आल्या नव्हत्या. बायने गोठ्याची सावली जिथवर होती तिथवर भुऱ्याला ओढून घेतलं. मग लुगड्याचा पदर त्या खाऱ्याच पाण्यात भिजवून त्याचे पंजे, पोट, कान पुसत राहिली. फेस तिच्या हाताला लागत होता. तो खरंच पिसाळलेला असता तर तीही गेलीच होती, आणि हे तिथल्या सगळ्यांना कळत होतं.

पाणी आलं. तिने ओंजळीत घेऊन त्याच्या तोंडाशी धरलं. भुऱ्या हललाच नाही. पुतण्या एक पाऊल पुढे आला. मग जीभ जरा आत गेली, बाहेर आली, आणि भुऱ्या पाणी चाटू लागला. दुसरी ओंजळ, तिसरी. काठ्या खाली आल्या.

आता सुटलो असं वाटलं, तोच पाटलांनी विचारलं, "उन्हात बांधला कुणी?"

माझं तोंड उघडलं, देवाशपथ उघडलं होतं.

"मीच," बाय म्हणाली. "हलदीच्या घाईत ध्यान नाय ऱ्हायला."

संध्याकाळी मी तिच्या ओट्यावर गेलो. रडू आवरत नव्हतं. म्हटलं, आत्ता जाऊन सगळ्यांना सांगतो, माझ्याच हातून सुटला. ती भुऱ्यासाठी नवी दोरी वळत होती. मान वर न करता म्हणाली, "कुतऱ्याला मी हाय. पोरांना दुसरा मास्तर कुठशी आनायचा?"

आणि मी ऐकलं. आयुष्यात कुणाचं इतक्या चटकन ऐकल्याचं मला आठवत नाही.

ठरल्याप्रमाणे ती भुऱ्याला घेऊन नायगावला बहिणीकडे गेली. पाऊस पडला, शिक्षा संपली, पण ती परतली नाही. तिथे भुऱ्यासकट बरी आहे, असं कळायचं. मग तेही कळेनासं झालं. मी त्या पाड्यात अकरा वर्षं शिकवलं, निरोपाला लोकांनी हार घातले, आणि तेव्हाही मी गप्पच होतो. आज तुम्हाला सांगतोय ते पहिल्यांदा.

निघाली त्या सकाळी बोचकं डोक्यावर आणि नवी दोरी हातात घेऊन ती शाळेवरून गेली. पाटील, त्यांचा पुतण्या, चार बायका, सगळे दारात उभे होते. मी शाळेची पायरी उतरलो. ती थांबली. मी काय करणार ते तिने ओळखलं असावं.

"पोरं वाट बगतात, मास्तर," ती म्हणाली. "जा."

मी आत गेलो आणि हजेरी घ्यायला लागलो.