सुंदरबाईनं पाय उचलला नाही

शिरूर कासारच्या त्या वस्तीवर कुणाची कंबर धरो, पाठीत उसण भरो, बोलावणं सुंदरबाईलाच. ती पायाळू, म्हणजे आईच्या पोटातून पाय पुढं करून आलेली. अशा माणसानं दुखऱ्या जागी पाय लावला की उसण उतरते, असं सारी वस्ती मानते. चाळीस वर्षं सुंदरबाईनं फुकट पाय लावला अन् चाळीस वर्षं त्याचा तोरा मिरवला. बसायला पाट दिला नाही तर उंबऱ्यातूनच माघारी फिरायची.

गेल्या दिवाळीला तिनं धुळाजीच्या मानेवर पाय दाबला अन् दिवस मावळायच्या आत त्याची उजवी बाजू लुळी पडली. लोक म्हणाले, बीपी. पण धुळाजीची एक पापणी सकाळपासूनच, पाय लावायच्या आधी, उतरलेली तिनं पाहिली होती. तेव्हापासून कुणी मान म्हटलं की ती आधी त्याच्या पापण्या बघायची.

आज पुढ्यात आसाराम बसला होता. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकात चढताना फळीवरून पाय घसरला, मानेला हिसका बसला. दोन दिवसांनी मान धरूनच फडावरून घरी आला. सुंदरबाईनं अंधाऱ्या खोलीत त्याची हनुवटी वर केली. डावी पापणी उतरलेली. उजव्या डोळ्याची बाहुली अंधारात मोठी झालेली, डावी मात्र मोहरीएवढी.

"लाव की पाय," त्याची आई विमलबाई म्हणाली.

"न्हाई. दवाखान्यात चला."

"कावून? आमच्याच वक्ताला नखरा व्हय?"

"नखराच. जीप बोलव."

तालुक्याच्या दवाखान्यात खिडकीतून भक्क ऊन येत होतं. तरुण डॉक्टरनं उभ्या उभ्या डोळे पाहिले. "दोन्ही सारखेच आहेत, मावशी. मान आखडलीय, झोप नाही. इंजेक्शन देतो, घरी न्या."

सुंदरबाईच्या मस्तकात तिडीक गेली. उन्हात दोन्ही बाहुल्या बारीकच दिसणार! तिनं पदर सोडला अन् आसारामच्या डोक्यावर तंबूसारखा धरला.

"सायेब, मुंडकं आत घाला अन् बगा."

"अहो, हे काय?"

"लाजता कावून? साठी उलटली माझी."

डॉक्टर वाकला. आत गेला तो लवकर बाहेर येईना. आला तेव्हा आवाज बदललेला. "मानेला हिसका बसला होता का? कधी?" एवढं विचारायला म्हातारीचा पदर लागला!

अँब्युलन्सनं बीडला नेलं. तिथं औषध टोचून मानेचा सीटी काढला. मेंदूकडं रक्त नेणाऱ्या नळीचं आतलं अस्तर फाटलं होतं; तिला बिलगून डोळ्याकडं जाणारी नस दुखावली, म्हणून पापणी उतरलेली. "तिथं रक्ताची गुठळी धरते. ती सुटून मेंदूत गेली की अर्धांग," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गुठळी वाढू नये म्हणून औषध सुरू केलंय. पुढचे काही दिवस जपायचे, हात-पाय लुळा पडतोय का बघत राहायचं. मान चोळायची नाही, दाबायची नाही."

त्या गेल्यावर विमलबाई कुजबुजली, "नुसता टेकव गं. वरच्यावर. औषधाला जोड म्हणून."

"धुळाजीला माझ्याच पायानं पाडलं असंल, इमल."

हे ती पहिल्यांदाच तोंडानं बोलली. विमलबाईनं खाटेजवळचं स्टूल तिच्याकडं सरकवलं.

सुंदरबाईला मात्र बूड टेकवेना. "आसाराम, हात वर कर. दोन्ही."

"आत्ताच केलते की, मावशे."

"परत कर."

"आजी, झोपू द्या त्याला," नर्स खेकसली.

"झोपंल की. हात तर दिसू द्या."

आसारामनं पुटपुटत हात उचलले. उजवा जरा मागं राहिला का? सुंदरबाई खाटेला जाऊन भिडली. "कंटाळा करू नगं. नीट धर वर."

त्यानं नीट धरला. ती बसली, अन् लगेच उठली.