सिद्धता कोणाची

"चहा सांगून आलीस? मग मागे बस."

सर, माझे पीएचडीचे मार्गदर्शक, हे पाहुण्यांसमोर बोलले. मराठीत. दिल्लीतल्या त्या खोलीत मराठी आम्हा दोघांनाच कळत होती. मी शेवटच्या रांगेत बसले. पडद्यावर माझी सिद्धता होती. खाली नाव एकच. सरांचं.

शोधनिबंधावर माझं नाव का नाही, असं आदल्या दिवशी मी विचारलं होतं. "आभारात टाकलंय ना तुला," ते म्हणाले. "कोट्यातून आलीस, आधी पीएचडी तर हातात पडू दे. चपराशाची मुलगी इथवर आली, तेवढं पुरे की."

वडील केंद्र सरकारात शिपाई होते. इथे दिल्लीतच, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी वाढले. त्यात लपवण्यासारखं काय?

माझ्या सिद्धतेतला प्रश्न असा. वसाहतीतला प्रत्येक जण आपल्या ओळखीच्यांची नावं चिठ्ठीवर लिहितो. ओळख दोन्हीकडून असते. चिठ्ठी कोणाची, ते मात्र लिहीत नाही. नुसत्या चिठ्ठ्यांवरून सांगायचं, अशी वसाहत असू शकते का? पाच माणसं असतील तर हातानं जुळतं. माणसं वाढली की शक्यता आवरत नाहीत. झटपट रीत अजून कोणालाच सापडलेली नाही. वसाहतीवर एक कडक अट घातली तरी प्रश्न तितकाच अवघड राहतो, हे मी दाखवलं होतं. सात वह्या. प्रत्येक पानावर तारीख.

पुढच्या रांगेतल्या एका पाहुण्या बाईंनी विचारलं, "चिट्ठी में आदमी अपना नाम भी लिखता है?"

"एक ही बात है," सर म्हणाले.

एकच बात नव्हती. बाईंनी फळ्यावर उदाहरण काढलं. तीन माणसं, प्रत्येक चिठ्ठीत दोन नावं, जोडी दरवेळी वेगळी. स्वतःचं नाव धरायचं नसेल तर तिघं एकमेकांना ओळखतात, झालं. धरायचं असेल तर प्रत्येकाला एकच ओळखीचा उरतो. तिघांच्या जोड्या कशा लावणार? माझी सिद्धता स्वतःचं नाव न धरण्यावरच उभी होती. सरांनी ते पान वाचलंच नव्हतं.

ते माझ्याकडे वळले. "अगं, सांग ना पटकन."

त्यांच्या सहीशिवाय माझा प्रबंध जमा होणार नव्हता. तरी उभी राहिले. हिंदीत बोलले, सगळ्यांना कळावं म्हणून.

"पहले बताइए सर, यह प्रूफ किसका है?"

"बैठ जाओ। दो अक्षर पढ़ लिए तो ये लोग..."

वाक्य त्यांनी अर्धवट सोडलं. खोलीत कोणी हसलं नाही. कोणी त्यांना टोकलंही नाही.

"मेरा है," मी म्हणाले. फळ्याकडे गेले. खडू उचलला. बाईंच्या प्रश्नाचं उत्तर पूर्ण दिलं. मग थेट विभागाच्या ऑफिसात. मार्गदर्शक बदलण्याचा अर्ज तिथेच उभ्यानं लिहिला.

क्लार्क म्हणाला, "सोच लो मैडम। दो साल और लग जाएँगे।"

"लगने दीजिए। रिसीविंग दीजिए।"

अर्ज मिळाल्याचा शिक्का बसला. लगेच दुसरा कागद घेतला, शोधनिबंध पाठवला होता त्या नियतकालिकाच्या संपादकांच्या नावानं. माझ्या नावाशिवाय हा शोधनिबंध मी छापू देणार नाही.