रायपूरहून परतलेले फोरमन

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी फोरमनचं नाव घेतो. आईवडिलांना मी त्या हिशेबात धरत नाही. फोरमनचं खरं नाव दत्तात्रय. पण नाशिकच्या अंबड भागातल्या ज्या कारखान्यात मी त्यांच्या हाताखाली सात वर्षं काढली तिथं ते नाव फक्त हजेरीपत्रकावर होतं. निवृत्त झाल्यावरही गल्लीतल्या भाजीवालीपासून दवाखान्यातल्या कंपाउंडरपर्यंत सगळे त्यांना फोरमनच म्हणत, आणि तेही त्याच नावाला ओ देत.

त्यांना ‘चालेल’ हा शब्द चालत नसे. कारखान्यात आम्ही गाड्यांचे सुटे भाग बनवत होतो. लेथवरून उतरलेला पीस हातात घेऊन कोणी नवखा म्हणाला, साहेब, चालेल, तर फोरमन चष्मा कपाळावर सरकवून शांतपणे विचारत, “चालेल म्हणजे किती?” मग त्या पोराला मोजून आकडा सांगावा लागे. घरीही तेच. काकूंनी विचारलं, भाजीत मीठ बरोबर आहे का, तर हे म्हणायचे, कालच्यापेक्षा चिमूटभर कमी. काकू म्हणायच्या, या माणसाशी लग्न करताना मला कोणी सांगितलं नाही की आयुष्यभर तपासणी होणार आहे.

मी मूळचा येवल्याचा. आई आणि आबा दोघंही पैठणीच्या मागावर बसणारे. आमच्या घरात बारावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं, आणि मीही बी.ए.चं पहिलं वर्ष अर्धवट सोडून नाशिकला नोकरीला आलो होतो. हे फोरमनना माझा अर्ज वाचताना कळलं. त्यांनी मला बोलावून एवढंच विचारलं की अर्धा पीस मशीनवर सोडून कोणी घरी जातं का. पुढच्याच महिन्यात त्यांनी माझा बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म भरून घेतला. परीक्षा जवळ आल्या की मला पहिली पाळी मिळे, म्हणजे दुपारनंतर अभ्यासाला वेळ. जेवणाच्या सुट्टीत ते मला स्टोअरमध्ये बसवून त्या दिवशी वाचलेलं समजावून सांगायला लावत. त्यांना राज्यशास्त्रातलं फारसं कळत नसे, पण मला कळलेलं नाही हे मात्र त्यांना लगेच कळे. निकाल लागला त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने हाक मारणं सोडलं. शॉपमधल्या सगळ्या कामगारांसमोर मोठ्याने म्हणायचे, “ए ग्रॅज्युएट, जरा तो पाना आण.” लोक हसत. मला माहीत होतं, ती हाक त्यांना स्वतःलाच ऐकायची असे.

त्यांच्या शॉपमध्ये दोन नियम होते. पहिला, बिघडलेला पीस भंगारात फेकायचा नाही. लाल डब्यात ठेवायचा आणि तो कशाने बिघडला हे चिठ्ठीवर लिहून त्याला बांधायचं. आठवड्याने ते सगळे पीस टेबलावर मांडून बसत आणि म्हणत की चांगले पीस गिऱ्हाइकाकडे जातात, आपल्याला शिकवायला हेच मागे राहतात. दुसरा नियम जास्त कडक होता. दोष दिसला की त्या क्षणी मशीन बंद. लॉट संपू दे, मग बघू, असं म्हणणाऱ्याला ते आठवडाभर मशीनला हात लावू देत नसत.

काकूंना छातीत गाठ जाणवली तेव्हा गणपती जवळ आले होते. आधी त्यांनी ती कोणालाच सांगितली नाही. मग फोरमनना सांगितली, पण दिवाळी झाली की दाखवू म्हणाल्या. आणि शॉपमध्ये एक मिनिट न थांबणारा हा माणूस घरात थांबला. दिवाळीनंतर तपासणी झाली तोवर रोग पसरला होता. ऑपरेशनच्या आधी एका तरुण डॉक्टरांनी विचारलं की काढलेल्या गाठीचा एक तुकडा संशोधनासाठी ठेवू का. काकूंचे भाऊ चिडले. शरीराचा भाग असा मागे ठेवला तर पुढे गती कशी मिळणार, असं त्यांचं म्हणणं. फोरमननी काकूंना लाल डब्याची गोष्ट सांगितली. काकूंनी हसून विचारलं, म्हणजे मी रिजेक्ट का? आणि सही केली. त्या गेल्यावर भावांनी या घरात येणं बंद केलं.

त्यानंतर फोरमनच्या मनात एकच प्रश्न राहिला. त्या तुकड्याचं पुढे काय झालं? कोणी बघितला, की कुठल्या तरी कपाटात पडून खराब झाला? ते तरुण डॉक्टर पुढे कोलकात्याच्या एका प्रयोगशाळेत गेले होते, आणि इथले नमुनेही त्यांच्या कामासाठी तिकडेच गेले होते. मी म्हणालो, फोन लावून विचारू. फोरमन म्हणाले, असलं समोर बसून विचारायचं असतं.

निवृत्तीनंतर दोन महिन्यांनी त्यांनी आपली जुनी मोटारसायकल स्वतःच्या हाताने पूर्ण उघडली, पुन्हा जोडली आणि मागे एक पत्र्याची पाटी लावली: ‘कॅन्सर संशोधनाला साथ द्या. नाशिक ते कोलकाता.’ खाली तेच हिंदीत. मी विचारलं, रेल्वेनं दोन रात्रींत पोचाल, मग ही दगदग कशाला? ते म्हणाले, “रेल्वेनं गेलो तर मी एकटा पोचेन. गाडीनं गेलो तर वाटेत लोक विचारतील, काय रे बाबा, कुठं चाललास.” मी बिनपगारी रजा काढली आणि त्यांच्या मागे बसलो. मला गाडी चालवता येत नव्हती, यावरून त्यांनी धुळ्यापर्यंत माझा उद्धार केला. एकच घाई होती. ते डॉक्टर महिनाअखेरीस दोन वर्षांसाठी परदेशी जाणार होते. त्याआधी पोचायचं होतं.

फोरमन सभा घेत नसत. पाळी सुटायच्या वेळी कारखान्याच्या दारात, नाहीतर रिक्षा थांब्यावर गाडी उभी करायचे आणि दोन मिनिटं बोलायचे. माणूस घरी निघालेला असतो, त्याला तिसरं मिनिट मागायचं नाही, असा त्यांचा दंडक. डॉक्टरांनी अभ्यासासाठी नमुना मागितला तर घाबरू नका, नीट विचारा, पटलं तर द्या; औषधं आकाशातून पडत नाहीत, कोणाच्या तरी दुखण्यातून शिकून बनतात, एवढंच ते सांगत. नागपूरच्या पुढे हिंदीत बोलत, पण त्या हिंदीची क्रियापदं नाशिकचीच होती. मी आधी मोठं भाषण लिहून नेलं होतं. मलकापूरला ते वाचायला उभा राहिलो, तर समोरचे दोघं पान खायला निघून गेले. फोरमन म्हणाले, ग्रॅज्युएट, तू लिही, बोलायचं माझ्यावर सोड.

मला त्यांनी एक जाड रजिस्टर दिलं होतं. लोक जे प्रश्न विचारतील ते त्यांच्याच शब्दांत लिहायचे. उत्तर आपल्याला येत नसेल तर तसं सांगायचं, पण प्रश्न हरवू द्यायचा नाही. ते रजिस्टर डॉक्टरांना द्यायचं होतं. हा रोग शिवल्यानं होतो का? आईला झाला तर मुलीला होतोच का? नमुना दिल्यावर आम्हाला पुढे कोणी काही कळवतं का? हा शेवटचा प्रश्न अकोल्यात एका वेल्डरनं विचारला. फोरमननी तो माझ्याकडून परत वाचून घेतला आणि बराच वेळ गाडीला किक मारली नाही. अमरावतीला एका पानटपरीवाल्यानं आम्हाला जडीबुटी विकणारे समजून गुडघेदुखीवर काही आहे का विचारलं. तेही मी लिहिलं. फोरमन म्हणाले, राहू दे, गुडघ्यांचंही कोणी तरी बघत असेल.

आता माझी गोष्ट सांगायला हवी. निघायच्या आठवडाभर आधी मी येवल्याला गेलो होतो. आई मागावर बसली होती. इकडचं तिकडचं बोलता बोलता ती म्हणाली, “छातीत बारीक गाठ लागती रे हाताला. पण दुखत नाय काही.” मी मान खाली घातली. वाटेत वाटायला केलेल्या आमच्या पत्रकांवर ‘स्तनाचा कर्करोग’ हे शब्द मी स्वतः छापून घेतले होते. आईसमोर ते तोंडातून निघेनात. मुलगा आईशी या विषयावर कसा बोलणार, असं काहीसं मनात आलं. मी म्हणालो, मी आल्यावर बघू. तीही सुटल्यासारखी पुन्हा विणायला लागली. आणि मी लोकांना जागं करायला निघालो.

रायपूरच्या अलीकडे एका भातगिरणीच्या दारात आम्ही थांबलो होतो. बायका पोती शिवून बाहेर पडत होत्या. फोरमनचं बोलणं झाल्यावर एक माझ्या आईच्या वयाची बाई पुढे आली आणि पदर तोंडाशी धरून विचारती झाली, की गाठ दुखत नसेल तरीही दाखवायची का. फोरमन म्हणाले, दुखत नसेल तर आधी दाखवायची. तिनं मान हलवली. मी रजिस्टरमध्ये तिचा प्रश्न लिहायला घेतला आणि मला अर्ध्यावर पुढचं लिहिता येईना.

गाडीपाशी आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त किती दिवस झाले ते विचारलं. मी म्हणालो, पंधरा.

“पंधरा दिवस मशीन चालू ठेवलंस.”

मी म्हणालो, मी रेल्वेनं जातो, तुम्ही पुढे जा, कोलकाता दोन-तीन दिवसांवर आहे. मग न राहवून म्हणालो, पण फोरमन, मी आईला सांगू कसं? रायपूर स्टेशनवर त्यांनी गाडीतलं पेट्रोल काढलं, गाडीला पोती बांधणाऱ्या पार्सलवाल्याला चार सूचना केल्या आणि दोन तिकिटं काढली. डॉक्टर आठ दिवसांनी जाणार आहेत, अशी मी आठवण केली. ते म्हणाले, मला माहीत आहे.

मनमाडला उतरून आम्ही एसटीनं येवल्याला पोचलो. आईनं चहा केला आणि नेहमीसारखी मागावर जाऊन बसली. लग्नाची पैठणी होती, पदर अर्धा विणून झाला होता. मी उंबऱ्यात उभा राहिलो. फोरमन मागाशेजारी खाली बसले. आधी त्यांनी पदरावरच्या मोराची चौकशी केली, जरीची तार कुठून येते ते विचारलं. मग दवाखान्याचा विषय काढला. आई लाजली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, “जाऊ की भाऊ. एवढा पदर उतरू द्या.”

“वहिनी,” फोरमन म्हणाले, “माझी बायको दिवाळी होऊ द्या म्हणाली होती. मी होऊ दिली.”

आईनं धोटा खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी आम्ही नाशिकला होतो. तो पदर पुढे आबांनी पूर्ण केला. मोराची मान थोडी वाकडी आली, असं आई अजून म्हणते.

गाठ कॅन्सरचीच निघाली, पण वेळेत सापडली होती. ऑपरेशन झालं, पुढचे उपचार झाले. तिथंही संशोधनासाठी नमुन्याचं विचारलं. आईला सहीपुरतंच लिहिता येतं. तिनं मला तो कागद वाचून दाखवायला सांगितला. मी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला.

फोरमन कोलकात्याला गेले नाहीत. डॉक्टर परदेशी निघून गेले, आणि पुढच्या वर्षी फोरमनच्या हातांना कंप सुरू झाला. क्लच दाबताना बोटं थरथरायला लागली त्या दिवशी त्यांनी स्वतःहून गाडी बंद केली. मग मुलीकडे नागपूरला राहायला गेले. जाताना रजिस्टर मला दिलं. त्यात काकूंच्या संमतिपत्राची प्रत होती आणि मी भेटायला नागपुरात येऊ नये, रजा वाया घालवू नये, अशी लेखी ताकीद होती. मी तोवर कारखाना सोडून नाशिकमध्येच कॅन्सरच्या एका अभ्यासात घरोघरी जाऊन नोंदी घेण्याचं काम धरलं होतं. त्या रायपूरबद्दल ते मला कधी काही म्हणाले नाहीत. मीच गेल्या महिन्यात त्यांना पत्र पाठवलं. ते इथं देतो.

तीर्थस्वरूप फोरमन यांस,

साष्टांग नमस्कार. तुम्ही म्हणाला होतात की हे समोर बसून विचारायचं असतं, म्हणून फोन केला नाही. डॉक्टर परत आल्याचं कळलं तेव्हा रजा काढून कोलकात्याला जाऊन आलो. तुमची ताकीद नागपूरपुरती होती, असं मी धरलं.

डॉक्टरांना तुम्ही आठवता. ऑपरेशनच्या आधी तुम्ही त्यांना अकरा प्रश्न विचारले होते म्हणे. मी संमतिपत्र दाखवलं. तिथं नावं नसतात, फक्त क्रमांक असतात. त्यांनी परवानगीचे कागद करून घेतले आणि मग शोधायला अर्धा तास लागला. काकूंचा नमुना मेणाच्या एका ठोकळ्यात आहे. खोडरबराएवढा ठोकळा, आणि आत करडईच्या दाण्याएवढा तुकडा. आतापर्यंत तीन वेळा तो बाहेर काढून त्याचे पातळ काप घेतले आणि तपासले, तशी नोंद आहे. मी विचारलं, त्यातून काय कळलं? ते म्हणाले, एकट्या तुकड्यातून काही सांगता येत नाही, पुष्कळ तुकडे शेजारी ठेवावे लागतात, आणि काम अजून चालू आहे. मला त्यांचं हे बोलणं खरं वाटलं. खोटं बोलायचं असतं तर त्यांनी काही तरी मोठं सांगितलं असतं.

रजिस्टर त्यांच्याकडे दिलं. अकोल्याच्या वेल्डरचा प्रश्न त्यांनी दोनदा वाचला, आणि म्हणाले, हे आमच्याकडून राहून गेलं आहे.

निघताना मी विचारलं, हातात घेऊ का? ते हो म्हणाले. तुमच्या वतीनं मी तो ठोकळा तळहातावर घेतला. मग त्यांनी तो परत त्याच्या जागी ठेवला आणि कप्पा लावला.

आईची तपासणी परवा झाली. ठीक आहे. ती तुम्हाला नमस्कार सांगते.

काकू तिथं आहेत, फोरमन. कामात आहेत.

तुमचा,
ग्रॅज्युएट