कोट काढून बोलणारे नाना

नानांना स्वतःचं मत द्यायचं असलं, की ते आधी कोट काढत. मध्यप्रांताचे दिवस. सिव्हिल लाइन्समधल्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ते हेडक्लार्क, मी त्यांच्या हाताखाली. सराफ्यात चहा पिताना कोणी विचारी, "नाना, नळ कधी येणार?" कोट अंगात ठेवून उत्तर येई, "सहाला."

"आणि खरंच कधी?"

गुंड्या सुटत, कोट खुर्चीच्या पाठीवर जाई. "आठच्या आत आला तर मला सांगा."

बसून बोलणं त्यांना जमत नसे. येरझारा घालायच्या, गुंडी पिरगाळायची आणि मला बजावायचं, "कोट कचेरीचा, तोंड माझं. गल्लत नाही झाली पाहिजे, भैया."

गल्लत झाली ती गणपतीत. टाकीचं पाणी गढूळ झालेलं, सराफ्यात घरोघरी जुलाब. बोभाटा नको, असं साहेबांचं म्हणणं. नाना कचेरीतून थेट मांडवात आले आणि आरतीनंतर उभे राहिले. "टाकी खराब आहे. पाणी उकळून प्या." कोट अंगातच राहिला होता. सकाळपर्यंत गावभर झालं, कचेरीनेच सांगितलं म्हणून.

साहेबांनी बोलावून घेतलं. "आज शाम को वहीं जाकर कहिए, पानी ठीक है. नहीं तो कल से मत आइए."

पेन्शन तोंडावर आलेली. नाना दिवसभर व्हरांड्यात फिरत राहिले. मी म्हटलं, "नाना, काहून घोर लावून घेऊन राहिले? आम्ही सांगतो ना साहेबांना, कोट काढला होता."

"नव्हता काढला. लोकांनी कचेरीचं म्हणून ऐकलं. ते मलाच निस्तरू दे."

संध्याकाळी मांडवात त्यांनी सगळ्यांसमोर कोट काढला आणि माझ्या हातात दिला. साहेबांचा चपराशी मागे उभा होता.

"काल बोललो ते कचेरीचं नव्हतं. माझं होतं." नाना थांबले. मला वाटलं, सुटले. "आजही माझंच सांगून राहिलो. पाणी उकळून प्या."

नोकरी गेली. महिनाअखेरीस ते अमरावतीला भावाकडे निघाले. स्टेशनवर मी कोट पुढे केला.

"ठेव तुला," ते म्हणाले. "मला आता काय काढायचं आहे?"

आज त्यांच्या खुर्चीवर मी बसतो. कोणी विचारतं, "खरंच कधी?" हात गुंडीकडे जातो. दर वेळी ती सुटतेच, असं नाही.