गाडी जमा, हँडल स्टँडर्ड

संस्थान विलीन झालं तेव्हा आमचं पोस्टिंग ग्वाल्हेरलाच, मुरार छावणीच्या लाइनीत होतं. मी दरबारी फौजेच्या सिग्नल सेक्शनमध्ये लान्स नाईक होतो. काम डिस्पॅच रायडरचं. म्हणजे मोटरसायकलवरून लष्करी डाक पोचवायची. वायरलेस बंद पडो, तारा तुटोत, डाक पोचलीच पाहिजे. बाकी शौर्याचं फारसं काही नाही. धूळ खायची, पाठदुखी सोसायची आणि वेळेवर पोचायचं.

एक दिवस सकाळच्या हजेरीला, फॉलइनमध्ये, हुकूम वाचला गेला. दरबारी फौज मोडून देशाच्या फौजेत सामील होणार. अफसरांचं बोर्ड येणार, प्रत्येक माणसाला पारखणार. लायक ठरेल तो राहील, बाकीच्यांना घरी जायचं. आमच्यातले बहुतेक दख्खनहून आलेल्या मराठा घरांतले. खापरपणज्यापासून शिपाईगिरी करणाऱ्यांना घरी जाऊन करायचं काय, हेच मुळी माहीत नव्हतं. मी तर जन्माचा काळजीखोर.

पण खरी काळजी माझी स्वतःची नव्हती, हवालदार दत्ताजींची होती. मला मोटरसायकल शिकवली ती त्यांनी. मी त्यांना भाऊ म्हणे. ब्रह्मदेशच्या लढाईत त्यांचं उजवं कोपर मोडलं आणि वेडंवाकडं जुळलं. हात पुरता सरळ होत नसे. डॉक्टरने तपासलं आणि निकाल अर्धवट ठेवला. मोटरसायकल चालवण्याची परीक्षा पास झाले तर ठेवा, नाही तर काढा.

तशी भाऊंना गाडी चालवायला अडचण नव्हती. त्यांनी आपल्या गाडीचं हँडल मागे ओढून घेतलं होतं, आपल्या हाताच्या बेताने. त्यांची शिकवण अशी की आधी गाडीवर बसायचं, डोळे मिटायचे आणि हात सहज पुढे सोडायचे. मुठी जिथे येतील तिथे हँडल आलं पाहिजे. मग ब्रेक आणि क्लचचे लिव्हर मनगटाच्या ओळीत आणायचे आणि मगच बोल्ट आवळायचे. अशी जुळवलेली गाडी दिवसभर चालवली तरी खांदा भरून येत नाही. भाऊ तशा गाडीवर शिवपुरीपर्यंत जाऊन येत आणि वर हसत.

आमच्याकडे हे चालून जाई, त्याला कारण होतं. जुन्या काळी आमच्याकडचा स्वार स्वतःचा घोडा घेऊन नोकरीला येई आणि दुसऱ्या कोणाचा हात लगामाला लागू देत नसे. घोडे जाऊन मोटरसायकली आल्या, तरी चाल तीच राहिली. ज्याची गाडी त्याची. हँडलला आम्ही लगामच म्हणत असू. दसऱ्याला झेंडूची माळ त्यालाच बांधत असू.

नव्या फौजेत हे नव्हतं. गाडी सरकारची, सगळ्या गाड्या एकत्र, सकाळी मिळेल ती घ्यायची. हँडल स्टँडर्डवर, म्हणजे कारखान्याने ठेवलं त्याच जागी. संध्याकाळी गाडी परत देताना मोठ्याने सांगायचं, "गाड़ी जमा, हैंडल स्टैंडर्ड." बोर्ड येण्याच्या आधी मिस्त्रींनी सगळी हँडलं स्टँडर्डवर आणून ठेवली.

भाऊ तशा गाडीवर बसून बघायला आले. उजवा हात मुठीपर्यंत पोचवायला त्यांना टाकीवर सरकावं लागलं आणि खांदा पुढे काढावा लागला. मैदानाला एक फेरी मारून ते उतरले आणि बराच वेळ बोटं चोळत राहिले. मी जवळ गेलो. ते म्हणाले, "तू कशाला परेशान होतोस? चालवून घेईन." त्यांचा चेहरा मात्र काही वेगळंच सांगत होता.

त्याच आठवड्यात पाटणकर बाजारात भाऊंच्या पत्नी, आमच्या वहिनी, भेटल्या. त्यांचं बिऱ्हाड जयेंद्रगंजात, रस्त्यावरच होतं. हातात भाजीची पिशवी तशीच धरून त्यांनी मला बाजूला घेतलं.

"भावजी, खरं सांगा. ह्यांना ठेवतील ना?"

मी ठेवतील म्हणालो. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि दुसरं काही विचारलं नाही. मला अतिशय वाईट वाटलं.

आमच्या सेक्शनचे प्रमुख म्हणजे जमादारसाहेब. जुना माणूस, पेन्शनीला आलेला. परीक्षेच्या आदल्या दुपारी ते गाड्यांच्या शेडमध्ये आले. भाऊ तेव्हा कचेरीत होते. जमादारसाहेब गाड्यांच्या रांगेकडे पाहत म्हणाले की उद्या कोणाला कोणती गाडी मिळेल, ते काही सांगता येत नाही. जरा थांबून म्हणाले, "मी चहाला जातो. पान्यांची पेटी उघडी आहे."

त्यांनी हुकूम दिला नाही, पण आम्ही काय ते समजलो. सगळ्याच्या सगळ्या गाड्यांची हँडलं आम्ही भाऊंच्या मापाने मागे ओढली. त्यांना कोणतीही गाडी मिळो, हात पोचेल. बोर्डाचा मेजर बाहेरगावचा, त्याला वाटेल ग्वाल्हेरची रीतच अशी असेल. बाकीच्यांची मनगटं दुखतील तर दुखू देत. भाऊंना कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी एकेक हँडल परत पुढे करायला लावलं असतं.

इंजिन सुरू केलं असतं तर कचेरीपर्यंत आवाज गेला असता, म्हणून सगळं काम बंद गाडीवर केलं. मी प्रत्येक बोल्ट दोनदा आवळून पाहिला. तरी माझं समाधान होईना. काहीतरी राहिलंय असं वाटत होतं आणि काय राहिलंय ते आठवत नव्हतं.

सकाळी मुरारच्या मैदानावर पत्र्याचे दोन ड्रम ठेवले होते. त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढायचा, मग शहराच्या लष्कर भागातून जयेंद्रगंज, नया बाजार, पाटणकर बाजार करून परत मैदानावर यायचं. बोर्डाचे मेजर उंच, कमी बोलणारे होते. गाड्यांच्या रांगेवर त्यांनी नजर फिरवली आणि क्षणभर थांबले. पण ते पुढे गेले.

भाऊंना त्यांच्या वाट्याची गाडी मिळाली. हँडलला हात लावताच त्यांना कळलं. त्यांनी शेजारच्या गाडीकडे पाहिलं, मग तिच्या शेजारच्या गाडीकडे, मग आमच्याकडे. मी बुटांकडे पाहत उभा राहिलो.

पहिला नंबर शिपाई बळवंतचा होता. त्याने उजवा ड्रम ठीक घेतला. डाव्या ड्रमला वळताना हँडल पुरतं वळलं, आणि त्याने मूठ फिरवलेली नसताना इंजिन एकदम ओरडलं. गाडी उसळली. बळवंतने कशीबशी सावरली. मेजरसाहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. रायडर अनाडी आहे, असंच त्यांना वाटलं असणार.

मला तेव्हा आठवलं. केबल! हँडल मागे ओढलं की मुठीपासून इंजिनपर्यंतची केबल अपुरी पडते. हँडल पूर्ण डावीकडे वळलं की ती ताणते आणि इंजिनचा वेग आपोआप वाढतो. भाऊंनी आपल्या जुन्या गाडीत केबल दिव्याच्या मागून फिरवून ढील ठेवली होती. आम्ही हँडल तेवढं पाहिलं होतं. इंजिन चालू नसल्यामुळे दोष कळलाच नव्हता.

दुसरा नंबर भाऊंचा. मला वाटलं, ते सांभाळून घेतील. त्यांना दोष माहीत होता, ते क्लच दाबून डावा ड्रम सहज काढून गेले असते. हँडल त्यांच्या हातात बसत होतं. परीक्षा पास होण्यासारखीच होती. मी मनात म्हणत होतो, भाऊ, बोलू नका, जा.

भाऊंनी इंजिन बंद केलं.

"साब, टेस्ट रोकिए. सब गाड़ियों की केबल खिंच रही है. किसी को गिरा देगी."

मेजरसाहेब जवळ आले. त्यांनी हँडल डावीकडे वळवलं, केबलवर बोट ठेवलं. मग रांगेतल्या दोन-तीन गाड्या तशाच पाहिल्या.

"हैंडल किसने हिलाया?"

जमादारसाहेब पुढे झाले. "मेरी ज़िम्मेदारी, साब."

"क्यों?"

भाऊंनी स्वतःच उजवा हात पुढे केला, जेवढा सरळ होत होता तेवढा. मेजरसाहेबांनी तो पाहिला.

"सब हैंडल स्टैंडर्ड करो. अभी. टेस्ट उसी पर होगा."

आम्ही पाने घेऊन बसलो. काल जी हँडलं हौसेने मागे घेतली, ती आज पुढे करत होतो. भाऊंच्या गाडीचे बोल्ट मीच सोडले. ते शेजारी उभे होते. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, त्यांचाच. मी हळूच म्हणालो, "तुम्ही बोललात कशाला?" ते म्हणाले, "बळवंत पडला असता तर?" मी बोल्ट आवळले.

भाऊंनी आकडा पूर्ण केला. टाकीवर सरकून, खांदा वाकडा करून, अगदी सावकाश, पण पाय टेकला नाही. मग ते लष्करच्या रस्त्याला लागले. थोड्या वेळाने मला सोडलं. मी गाडी जरा जोरातच काढली. जयेंद्रगंजात ते मला पुढे दिसले. वहिनी जिन्यात उभ्या होत्या. भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही, पाहण्याची सोयच नव्हती. नया बाजारात टांगे आणि हातगाड्या आडव्या येत होत्या, आणि दर वेळी ब्रेक दाबताना त्यांचं सगळं अंग उजवीकडे ओढलं जात होतं. मी त्यांच्या मागेच राहिलो. पडले तर निदान पहिला मी पोचेन, एवढाच विचार होता.

पाटणकर बाजारापुढे मोकळा रस्ता लागला. तिथे त्यांनी डावा हात टाकीवरून पलीकडे नेऊन उजवी मूठ धरली आणि उजवा हात खाली सोडला. चार श्वास घेतले असतील. समोरून बैलगाडी आली तसा हात परत जागेवर गेला.

मैदानावर पोचल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं, पण मूठ सोडली नाही. मेजरसाहेब समोर येऊन उभे राहिले.

"हाथ खोलो."

हात उघडेना. भाऊंनी डाव्या हाताने एकेक बोट सोडवलं. मेजरसाहेब शांतपणे पाहत होते. बोटं सुटल्यावर त्यांनी विचारलं, हँडल किती मागे पाहिजे. भाऊंनी दोन बोटांचं अंतर दाखवलं. मेजरसाहेब जमादारसाहेबांकडे वळले.

"गाड़ी इश्यू होगी स्टैंडर्ड. जमा होगी स्टैंडर्ड. बीच में सवार जाने. लेकिन केबल देखकर." मग भाऊंकडे न पाहता म्हणाले, "नेक्स्ट."

भाऊ राहिले. संध्याकाळी मी जयेंद्रगंजात सांगायला गेलो. वहिनींनी फक्त हात जोडले, देवाला की मला ते कळलं नाही. जमादारसाहेबांना ताकीद मिळाली. पुढे ते पेन्शनीत निघाले, तसे ते निघणारच होते.

त्यानंतर आम्ही दोघं एकाच युनिटमध्ये राहिलो. मला बढती मिळून गाड्यांचा ताबा माझ्याकडे आला. रोज सकाळी भाऊ गाडी घेत, पाना काढत, हँडल मागे ओढत, केबल फिरवून घेत, दोन्हीकडे वळवून पाहत. संध्याकाळी परत सगळं पुढे करत. कितीही थकलेले असोत, पाऊस असो, हात सुजलेला असो. मी म्हणे, भाऊ, राहू द्या, सकाळी हीच गाडी पुन्हा तुम्हालाच देईन. ते ऐकत नसत. मेजरसाहेबांना शब्द दिलाय म्हणत. खरं तर त्यांनी शब्द असा दिलाच नव्हता. मग ते माझ्यापुढे सावधान उभे राहत, मी त्यांचा चेला असूनही, आणि मोठ्याने सांगत, "गाड़ी जमा. हैंडल स्टैंडर्ड."

पुढे सरहद्दीवर लढाई झाली. आम्ही पहाडी मुलखात होतो. एका सकाळी पुढच्या चौकीशी वायरलेस तुटला.

"हैलो, हैलो. आवाज़ नहीं आ रही. ओवर."

पलीकडून काही येईना. डाक भाऊंकडे दिली. त्यांनी हँडल जुळवलं आणि गेले. डाक पोचली. परत येताना रस्त्यावर तोफगोळा पडला.

भाऊंना तिकडेच अग्नी दिला. मला जाता आलं नाही. दुसऱ्या दिवशी ट्रकमधून त्यांची गाडी आली. दिवा फुटला होता, टाकी चेपली होती. हँडल शाबूत होतं. दोन बोटं मागे. इतक्या वर्षांत भाऊंची गाडी पहिल्यांदाच तशी जमा व्हायला आली होती.

मिस्त्री म्हणाला, मी करतो. मी त्याला बाजूला केलं. बोल्ट सोडण्याआधी एकदा गाडीवर बसलो, डोळे मिटले, हात पुढे सोडले. माझ्या मुठी हँडलच्या पुढे गेल्या. तेव्हा मला रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही.

मग पाना घेतला. हँडल पुढे केलं, लिव्हर ओळीत आणले, केबल दिव्यामागून सोडवून जागेवर घेतली. दोन्हीकडे वळवून पाहिलं. बोल्ट दोनदा आवळले. जमा करून घेणारा मीच होतो, पण त्या दिवशी मी समोरच्या बाजूला, भाऊंच्या जागी जाऊन सावधान उभा राहिलो आणि मोठ्याने सांगितलं.

"हवालदार दत्ताजी. गाड़ी जमा. हैंडल स्टैंडर्ड."